वानखडे सरांचा जंतू

पाहुणा खुर्चीत टेकल्याशिवाय वानखडे सर चहाचं पातेलं धूत नाहीत. "समोर आल्याशिवाय कायले बनवावं?" म्हणतात. मग पातेलं घासणार, मग दूध आणायला मेडशीच्या स्टँडवर जाणार. तोवर पाहुणा पेपर वाचून संपवतो. आमच्या अख्ख्या स्टाफनं हा अनुभव घेतलाय, मी सोडून.

हे तत्त्व सरांनी एका जंतूकडून उचललंय. ते बायोलॉजी शिकवतात, मी केमिस्ट्री. मधे एकच भिंत. दरवर्षी पलीकडून तोच धडा ऐकू येतो. "पोट्टेहो, दुधातली साखर पचवाचं एन्झाइम हा जंतू आधीपासून भरून ठेवत नाई. साखर समोर आली का कारखाना सुरू! हाय का नाई हुशार?" तिकडे हशा, इकडे माझी पोरं भिंतीला कान लावून. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट होतो. अहो, एन्झाइम माझ्याही पुस्तकात आहे! मी शिकवलं की जांभया देतात मेले.

तपासणीचे साहेब गेटात शिरले की हा माणूस शर्टाची बटणं लावतो. परीक्षेची घंटा झाल्यावर पेन शोधतो. तरी निरोप समारंभाला पोरं भाषणासाठी त्यालाच उठवतात. मला हार घालून बसवतात.

यंदाही तेच. पोरी तर रडल्या. सर घरी गेले आणि मागोमाग मी त्यांच्या खोलीवर गेलो, चक्क भांडायला. अकरा वर्षं ते रोज सुट्टी झाली की म्हणायचे, "या ना राऊत सर, चहा घेऊ." आणि मी म्हणायचो, "बस चुकेल."

दार उघडंच होतं. स्टुलावर थर्मास, शेजारी दोन कप.

"हा आधीच कसा तयार?" मी खेकसलो. "कुठं गेला तुमचा जंतू?"

सरांनी कप भरले.

"काई एन्झाइम तो नेहमीच बनवत राह्यते, सर. समोर कोणी असो नसो. त्याच्याबिगर जगतच नाई तो." मग हळूच म्हणाले, "बायको वारल्यापासून एका कपाचा चहा मले जमत नाई. तुमची बस गेल्याचा हॉर्न आला, का दुसरा कप मीच पेतो."

मी कप तोंडाला लावला. चहाही मेला झकास होता. माझ्यापेक्षा तोही चांगला करतात.

बाहेर हॉर्न वाजला. मी कप पुढे केला, "अजून आहे का थर्मासात?"