एका खिळ्यापुरती भिंत

"टेकडी की बाजार? आज एकदाचं काय ते सांगा," बायकोने विचारलं.

"टेकडीवर हवा छान आहे गं," सेल्समन म्हणाला. "पण चढ आहे. बाजाराजवळ सगळं हाताशी आहे. पण गोंगाट फार."

"तुमच्या या 'पण'पायी माझे केस पांढरे झाले हो."

झालेच होते. लग्न झाल्यापासून दोघं याच भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती आणि घरमालकीणबाईंचा एकच कायदा होता: भिंतीला भोक पाडायचं नाही. त्यामुळे या घरात जे ते कशाला तरी टेकून उभं होतं. आरसा टेबलावर भिंतीला टेकून, घड्याळ फ्रिजवर डब्याला टेकून. बायकोच्या वडिलांचा फोटोही असाच टेकवून ठेवला होता, तो एकदा धाडकन पडला आणि काच फुटली. नवी काच बसवून आणली, तेव्हापासून तो चादरीत गुंडाळून कपाटाच्या तळाशी होता.

"हवा नको मला आणि बाजारही नको," बायको म्हणाली. "मला एक खिळा ठोकायचाय. कोणाला न विचारता. बाबांना त्या चादरीतून बाहेर काढायचंय. तेवढी भिंत कुठेही घ्या, पण घ्या!"

सेल्समन फर्निचरच्या दुकानात कामाला होता. अर्ध्या शहराचे दिवाणखाने त्याने सजवले होते आणि स्वतः मात्र कुरकुरणाऱ्या खाटेवर झोपत होता. पण बोलायला बसला की ऐकत राहावं! गिऱ्हाईक सोफ्यापाशी कां-कूं करायला लागलं की हा लगेच शेजारच्या सोफ्याचे गोडवे गायचा, वर म्हणायचा, "माझं ऐकू नका, स्वतः बसून बघा." गिऱ्हाईक बसायचं आणि बसलं की संपलं.

"हे बघ," त्याने बायकोला डावपेच समजावला. "दोन्ही घरं चांगली आहेत, दोन्हींचे भाव चढे आहेत. टेकडीवर गेलो की बाजाराची तारीफ करायची, बाजारात गेलो की टेकडीची. मालकाला वाटतं, गिऱ्हाईक निसटलं! झक्कत खाली येतो. जो आधी उतरेल त्याचं घर घ्यायचं."

"जमेल ना?"

"अगं, उभा जन्म यात गेलाय माझा."

तेच नडलं. जन्मभर ज्याने फक्त विकलं, त्याच्या तोंडाला विकत घ्यायची सवयच नव्हती. पण हे त्याला कोण सांगणार?

टेकडीवरचं घर एका निवृत्त हेडमास्तरांचं होतं. निळं फाटक, मागे मोठी खोली, खिडकीत नुसतं आकाश. सेल्समनचा जीव जडला. लगेच त्याने चेहरा पाडला.

"घर बरं आहे, सर. पण खरं सांगू? बाजाराजवळ एका नर्सबाईंचं घर पाहिलंय. त्यापुढे हे म्हणजे..."

"काय आहे तिथे एवढं?"

"काय नाही ते विचारा! तळमजला. पाऊल बाहेर टाकलं की औषधाचं दुकान, पलीकडे वाचनालय. कोपऱ्यावर एक बाक आहे, संध्याकाळी तुमच्या वयाची मंडळी जमतात आणि पेपरवरून भांडतात."

"भांडतात?" हेडमास्तर पुढे सरकून बसले.

"कडाकडा!"

"मला इथे भांडायला चिटपाखरू नाही हो," हेडमास्तरांचा आवाज बसला. "मुलगा येतो. खालीच गाडी थांबवतो, फोनवर म्हणतो, बाबा, चढवत नाही, तुम्हीच या. या गुडघ्यांनी?"

आता उतरतो भाव, सेल्समनने मनात म्हटलं, आणि सवयीने शेवटचा घाव घातला. "माझं ऐकू नका. स्वतः जाऊन बघा." वर नर्सबाईंचा पत्ताही दिला.

दुसऱ्या दिवशी तो नर्सबाईंकडे गेला. बाई रात्रपाळी करून नुकत्याच आल्या होत्या, कानांत कापूस होता. खिडकीबाहेर एक हातगाडीवाला कर्ण्यावरून कांदे विकत होता, दुसरा त्याच्यावर ताण करत बटाटे.

"घर छान आहे, ताई. पण टेकडीवर एक आहे ना, निळ्या फाटकाचं..."

बाईंनी कानातला कापूस काढला.

"दुपारी बारा वाजता झोपा, कोणी उठवणार नाही. मागची खोली तर काय सांगू! खिडकी सताड उघडी टाका, पडदासुद्धा लागत नाही. फार तर एखादा पक्षी ओरडेल, तोही आपला दबकत दबकत."

नर्सबाईंनी दाराच्या चौकटीला डोकं टेकून डोळे मिटले. "अजून सांगा ना," त्या म्हणाल्या.

आणि या शहाण्याने सांगितलं! असा रंगला, असा रंगला की आपण इथे कशाला आलो होतो तेच विसरला. निघताना म्हणाला, "माझं ऐकू नका, ताई. जाऊन बघा."

घरी येताना तो हवेत होता. दोन्हीकडून भाव उतरणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. त्या भरात त्याने घरमालकीणबाईंना सांगूनही टाकलं, "या महिन्याअखेर आम्ही जागा सोडतोय. स्वतःच्या घरात जातोय!"

"वा वा," त्या म्हणाल्या. "मग एक करा. जागा बघायला लोक येतील, त्यांना तुम्हीच दाखवा. तुम्हाला बोलता चांगलं येतं."

पहिलंच जोडपं आलं. त्याने वारा कुठून येतो ते दाखवलं, नळाचं पाणी दाखवलं, मालकीणबाई म्हणजे आईच्या जागी, असंही ठोकून दिलं. जोडप्याने उभ्या उभ्या इसार दिला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, इतकं चांगलं आहे हे घर?" ती म्हणाली. "मग इतकी वर्षं मी कुठे राहत होते?"

त्यानंतरच्या आठवड्यात हेडमास्तर आणि नर्सबाई दोघं बरोबरच दुकानात आले. दोघांचे चेहरे फुललेले.

"तुमचे उपकार कसे फेडू?" हेडमास्तर म्हणाले. "यांचं घर बघितलं. बाकावर बसलो. पहिल्याच संध्याकाळी एकाशी कडाक्याचं भांडण झालं! काय बरं वाटलं म्हणून सांगू!"

"आणि मी सरांचं घर बघायला गेले," नर्सबाई म्हणाल्या, "तर मागच्या खोलीत झोपच लागली मला. सरांनी चहा करून उठवलं. शेवटी आम्ही घरांची अदलाबदलच केली. कालच कागद झाले."

सेल्समनचे डोळे पांढरे झाले. "अहो, पण... पण त्यातलं एक मी घेणार होतो!"

"तुम्ही?" हेडमास्तर थक्क झाले. "तुम्हाला तर माझं घर आवडलं नव्हतं."

"माझंही नव्हतं आवडलं," नर्सबाई म्हणाल्या. "बरं, त्या मागच्या खोलीला कुठला पलंग शोभेल हो?"

आणि देवाशपथ, त्याला मनातून धाय मोकलून रडावंसं वाटत होतं, पण जिभेने आपलं काम केलं. "हा घ्या, ताई. उशाला कप्पा आहे. माझं ऐकू नका, पडून बघा." पलंग गेला. हेडमास्तरांना आरामखुर्ची गेली. दुकानाच्या शेठनी त्याची पाठ थोपटली आणि सगळा प्रकार कळल्यावर मोठ्या मनाने म्हणाले, "गोदामावरची खोली रिकामी आहे, तिथे राहा. भाडं पगारातून जाईल. फक्त भिंतींना काही करू नका, नवा रंग आहे."

बायकोला सांगताना त्याला शब्द सापडेनात. ती रडली नाही, ओरडलीही नाही. नुसती म्हणाली, "तीन घरं विकलीत. आपल्या डोक्यावरचंसुद्धा." मग ती खोकी भरायला लागली.

जागा सोडायच्या दुपारी टेम्पो दारात उभा होता. शेवटचं खोकं खाली ठेवून सेल्समन वर येतो तो काय, ठाक् ठाक् ठाक्! बायको स्टुलावर उभी राहून रिकाम्या भिंतीत खिळा ठोकत होती. मग तिने चादर सोडली, वडिलांचा फोटो पदराने पुसला आणि टांगला. खाली उतरून समोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि बघत राहिली.

आवाज ऐकून मालकीणबाई धापा टाकत वर आल्या. "हे काय! जाता जाता भोक पाडलंत? डिपॉझिटमधून कापून घेईन हं मी!"

"कापा ना," बायको फोटोवरची नजर न हलवता म्हणाली. "म्हणजे हे आम्ही विकतच घेतलं. एवढं भोक तरी आमच्या मालकीचं झालं."

सेल्समनला भरून आलं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तो पुढे झाला. "खरंच गं, काय सुंदर जागी..."

"तुम्ही एक शब्द बोलू नका," बायको म्हणाली. "तारीफ केलीत, तर हेही कोणीतरी घेऊन जाईल."