अठरा फुटांवरून कौतुक

एखादे शहर किती सुसंस्कृत आहे, हे ते आपल्या निवृत्त वस्तूंचे कौतुक किती अंतरावरून करते यावर ठरते. नागपूरने हे अंतर अठरा फूट ठरवले आहे. सतरा फुटांवर विमान फोटोत मावत नाही आणि एकोणीस फुटांवर मागच्यांचे कोपर लागते. अंतर राखण्यासाठी दोरी बांधतात. 'जुनी विमाने कौतुक समिती'चा सहसचिव या नात्याने यंदा दोरी माझ्या ताब्यात होती, हे नम्रपणे नमूद करतो.

डिसेंबरात वर्धा रोडकडच्या मैदानावर दोन दिवस विमानांचे प्रदर्शन झाले. आकाशात कसरती करणाऱ्या विमानांशी आमच्या समितीचा संबंध नव्हता. आमच्याकडे जमिनीवरची तीन होती. पंख्याची, म्हातारी आणि एका जागी उभी राहणारी. त्यांतले पिवळे, दोन आसनांचे, एकेकाळी इथल्याच एका उड्डाण मंडळात मुलांना उडायला शिकवायचे. प्रदर्शन संपले की दुसऱ्या दिवशी ते एका चौकात खांबावर कायमचे चढणार होते, आणि पंखा कोणी चोरू नये म्हणून त्याच्या बोल्टांवर वेल्डिंग मारायचे ठरले होते.

पहिल्या दिवशी आम्ही कौतुकाची शास्त्रशुद्ध मोजणी केली. एका नागरिकाने पिवळ्या विमानापाशी घालवलेला वेळ सरासरी चाळीस सेकंद. पैकी विमानाकडे तोंड तीन सेकंद (खिशातून फोन निघेपर्यंत), विमानाकडे पाठ सदतीस सेकंद. अडतीस टक्के लोकांनी 'हे उडते का' असे विचारले, बारा टक्क्यांनी 'आत एसी आहे का' असे. मनीषनगरच्या एका कुटुंबाने साक्षगंधाला नवरदेव यातून उतरवता येईल काय, अशी चौकशी केली. इतकी आस्था मी आमच्या घरच्या माणसांबद्दलही कधी पाहिली नाही.

प्रदर्शनाआधी विमान रंगवून घेतले होते. रंगासाठी पंखा काढावा लागला, आणि काढलेली वस्तू परत बसवावी लागते, असा अनुभव आहे. हे काम सक्करदऱ्याच्या जितेंद्र कुलरवाल्यांना देण्यात आले. त्यांना पंख्यांचा वीस वर्षांचा अनुभव आहे. डिसेंबरात कुलरवाला रिकामा असतो. शिवाय समितीचे अध्यक्ष आनंदराव यांच्या घरचा कुलर तेच बसवतात, आणि आनंदराव मे महिन्यात शाल घेऊन झोपतात. यापेक्षा मोठी पात्रता कुठल्या विमान कंपनीनेही मागितली नसती.

जितेंद्रांनी काम चोख केले. कुलरसमोर बसणाऱ्याला पात्याची खोलगट बाजू दिसते, फुगीर बाजू आत, कुलरच्या जाळीतल्या ओल्या गवताकडे असते. तोच नियम त्यांनी विमानाला लावला. खोलगट बाजू लोकांकडे केली, सहा बोल्ट आवळले आणि वर फडके मारले. पाहुण्यांच्या खुर्च्या समोरच असल्याने यात सौजन्यही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला रुपराव आले. वय अठ्ठ्याहत्तर, उमरेडच्या विणकर घरातले, पण धोट्याऐवजी हातात पाना धरलेले. या पिवळ्या विमानाचे ते सव्वीस वर्षे मेकॅनिक होते. सोबत पत्नी गोपिकाबाई. त्यांनी हे विमान कधीच पाहिले नव्हते, कारण उड्डाण मंडळात घरच्यांना प्रवेश नसे. त्याच्याबद्दल ऐकले मात्र सव्वीस वर्षे होते, बहुतेक जेवताना. आज नवरा ते दाखवणार म्हणून त्या घडीची साडी मोडून आल्या होत्या.

रुपराव दोरीपाशी थांबले. त्यांनी फोन काढला नाही (समितीच्या दृष्टीने ही पहिली संशयास्पद बाब). चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "साहेब, प्रोपेलर उलटा लावला जी तुमी."

"उलटा म्हणजे?"

"फुगीर बाजू समोर पायजे. हे तं कोनं कुलरवानी लावून ठेवलं."

मी जितेंद्रांना बोलावले. त्यांना आरोप समजलाच नाही. "काका, हवा समोरच्याले लागली पायजे ना जी," ते म्हणाले. "मांगं कोन बसून राह्यलं?"

"सहा बोल्ट आहेत," रुपराव मला म्हणाले. "अर्ध्या घंट्याचं काम. पाना म्या सोबत आनला. उद्या वेल्डिंग मारान तं कायमचं असंच राहीन. आन् हिले म्या हे असं दाखवू काय?"

मागणी अर्ध्या तासाची होती. समितीने तिला पाच तास दिले. मंडपामागे तर्री-पोह्यांसह तातडीची सभा भरली. पहिली अडचण दोरीची निघाली. बोल्ट खोलायला दोरी ओलांडावी लागते, ओलांडण्याची मुभा फक्त पाहुण्यांना आहे, आणि रुपराव पाहुणे नाहीत. त्यांना पाहुणे घोषित करावे अशी सूचना आली, पण पाहुण्याच्या हाती पाना देणे आपल्या संस्कृतीत बसत नाही. दुसरी अडचण अशी की, पंखा आज फिरवला तर कालपासून निघालेले सगळे फोटो चुकीचे ठरतात.

तेव्हा आनंदरावांनी निर्णायक मुद्दा मांडला. दोन दिवसांत एक्केचाळीस हजार दोनशे सोळा लोकांनी या पंख्यासोबत हसून फोटो काढला. प्रत्येक हसरा फोटो म्हणजे पंख्याच्या बाजूने एक मत. विरोधात एक. लोकशाहीत याउपर बोलण्यासारखे काही नसते. गोपिकाबाईंचे मत तटस्थ धरावे काय, हे विचारायला मला पाठवण्यात आले.

"मले त्यातलं काय समजते जी," गोपिकाबाई म्हणाल्या. "पन हे उलटा म्हनते, तं उलटाच असन. माह्या भावाच्या लग्नात पंगतीतून उठून गेले होते, या इमानाचा आवाज बदलला म्हून. वरात गेल्यावर आले. मी दोन वर्सं बोलली नाही यायच्याशी."

"तेल कमी होतं वं," रुपराव म्हणाले.

हे मत सभेत विषयाला सोडून असल्याने नोंदवले गेले नाही.

चार वाजता मागणी सन्मानपूर्वक फेटाळण्यात आली. रुपरावांना शाल, श्रीफळ आणि 'जागरूक प्रेक्षक' असे प्रमाणपत्र देऊन, दोरीच्या अलीकडे, विमानासमोर, त्यांचा फोटो घ्यायचे ठरले. फोटोग्राफरने दोघांना विमानाकडे पाठ करून उभे राहायला सांगितले. रुपराव वळले नाहीत. शाल खांद्यावरून घसरत होती, तिच्याकडेही त्यांचे लक्ष नव्हते. त्यांनी उजवा हात पुढे धरला, तळवा आधी आपल्याकडे केला, मग उलटा केला. "असं आहे," ते गोपिकाबाईंना म्हणाले, "आन् असं पायजे होतं." गोपिकाबाईंनी आपला हात पुढे धरला आणि तसाच फिरवून पाहिला. बांगड्या वाजल्या. "हं," त्या म्हणाल्या, "आता दिसलं."

फोटोग्राफरने कंटाळून तोच फोटो काढला. दोन पाठी, दोन हात, पलीकडे पिवळे विमान. संपूर्ण प्रदर्शनात माणसे विमानाकडे बघताहेत असा तो एकच फोटो आहे. चेहरे नाहीत म्हणून समितीने तो बाद केला. मला त्या वेळी फार वाईट वाटले. इतिवृत्तात भावनांचा रकाना नसल्यामुळे ते तिथे नाही.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंग झाले आणि विमान खांबावर चढले. रुपराव हल्ली सीताबर्डीला जायचे झाले तर दोन किलोमीटर लांबच्या रस्त्याने जातात, असे कळते. बाकी कोणाची काही तक्रार नाही.

आता थोडे तुमच्याविषयी. तुम्हीही त्या दिवशी सहकुटुंब आला होतात. फोनमध्ये डिसेंबरपर्यंत मागे जा, तो फोटो सापडेल. उजव्या कानामागून पिवळ्या विमानाचे एक पाते डोकावते आहे. त्याची फुगीर बाजू कुठे आहे हे सांगता येत नसेल तर मनाला लावून घेऊ नका, मलाही आले नव्हते. हसू मात्र छान आले आहे. रुपरावांच्या विरोधात पडलेल्या एक्केचाळीस हजार दोनशे सोळा मतांत समितीने ते आभारपूर्वक धरले आहे.