उजव्या कुशीचा इअरफोन

गराडेकाका नवा इअरफोन कानात घालतात तेव्हा त्यातून काहीच ऐकत नाहीत. आधी ते शेंगदाणे खातात. खारवलेले, सालासकट, मूठभर. डोळे मिटून आणि जबडा मुद्दाम मोठा हलवत. कानात जाणाऱ्या भागाला त्यांनी 'बोंड' असं नाव दिलं आहे. मूठ संपेपर्यंत ते बोंड जागचं हललं नाही, तर परीक्षा पुढे सरकते. हललं, तर काका एकच शब्द उच्चारतात, "रिजेक्ट," आणि उरलेले शेंगदाणे समोर बसलेल्याच्या हातावर ठेवतात. मी त्यांच्या शेजारी राहते. शेंगदाण्यांचा वास आला की माझ्या अजूनही मनात येतं, आज कोणाचा तरी निकाल लागला.

तळेगावात आमच्या दोन घरांमध्ये कमरेइतकी एक भिंत आहे आणि तिच्यावर दोन्हीकडून चढलेली गोकर्ण. काका मूळचे मावळातल्या शेतकरी घरातले. उभी हयात त्यांनी एका कारखान्यात सुटे भाग तपासण्यात घालवली. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. जगातल्या वस्तूंचे त्यांच्या लेखी तीनच प्रकार: पास, रिजेक्ट आणि रिवर्क. दुधाची पिशवी, गल्लीतल्या गणपतीची आरास, माझ्या दारातली रांगोळी, कशाचीही सुटका नाही. समोरच्या घरातल्या मुलीला पाहायला आलेला मुलगा पायऱ्या उतरून गेला, तेव्हा काका भिंतीपाशी येऊन मला हळूच म्हणाले होते, "रिवर्क हाय. पन हुईल."

इअरफोनचा नाद मात्र हौसेतून लागलेला नाही. हौसाकाकूंच्या, म्हणजे काकांच्या पत्नीच्या, उजव्या कानात रातकिडे बोलू लागले त्यानंतरचा तो आहे.

"आत कुटंतरी बसल्यात बगा, ताई," काकू मला सांगायच्या. "दिवसासुदिक वरडत्यात. दिवसा निदान भांड्यांचा आवाज असतो, तुमचं बोलनं असतं. उशीला कान लावला की निस्तं त्येच."

डॉक्टरांनी कान तपासला. पडदा शाबूत आहे, या आवाजावर गोळी नाही, झोपताना कानाशी काहीतरी मंद वाजत ठेवा, म्हणजे मन तिकडे रमेल, असं ते म्हणाले. काकूंची झोप तुटत गेली. एका सकाळी भाकरी भाजता भाजता त्यांचा उभ्या उभ्या डोळा लागला आणि मनगट तव्यावर टेकलं. त्या चटक्याचा तपकिरी चंद्र अजून त्यांच्या हातावर आहे. काकांनी त्यावर मलम लावलं, चपला घातल्या आणि पहिला इअरफोन आणायला बाहेर पडले.

अडचण अशी होती की काकूंचा डावा खांदा धरलेला. त्यांना झोप येते ती फक्त उजव्या कुशीवर. म्हणजे जो कान आजारी, तोच उशीखाली. त्या कानात राहील, रुतणार नाही, चघळताना किंवा कूस बदलताना निसटणार नाही आणि तरीही गोड वाजेल, असं बोंड हवं होतं. बिनवायरीचं एक आणून पाहिलं. ते पहिल्याच दुपारी गादी आणि भिंतीच्या फटीत गेलं आणि पुढे धान्याच्या कणग्यांच्या मागे सापडलं. "दावं न्हाई त्या वासराला," असं म्हणून काकांनी तो अख्खा प्रकारच रद्द ठरवला. वायर हवी. आणि महागही नको. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "महागाची वस्तू मानूस तपासत न्हाई, मॅडम. निस्ती जपत बसतो."

मग सुरू झाली ती बाजारयात्रा. सोमाटण्याच्या नाक्यावर मोबाईलच्या सामानाचं एक दुकान आहे. मी स्टेशनरी घ्यायला शेजारच्या दुकानात गेले होते, तेव्हा काका आत शेंगदाण्यांची पायरी ओलांडून पुढच्या पायरीवर आले होते.

"आता काय, झोपून बगनार?" दुकानदाराने विचारलं.

"व्हय."

"हितं?"

"मग घरी न्हेऊन बगू? न्हाई जमलं तर घेशील परत?"

"न्हाई."

"मग सरक."

आणि काका गिऱ्हाइकांच्या बाकावर उजव्या कुशीवर आडवे झाले, डोक्याखाली स्वतःची टोपी घेऊन. पांढरं धोतर, वर पंख्याचा वारा, कानातून निघून काउंटरवर गेलेली काळी वायर. आत येणारी माणसं दारातच थबकत होती आणि कोणाला तरी दवाखान्यात न्यायचं आहे का, असं हलक्या आवाजात विचारत होती. दुकानदार शांतपणे सांगत होता, "न्हाई. भाऊ माल बगत्यात."

आवाजाच्या परीक्षेला काकांच्या गावच्या भजनी मंडळाची एक फीत होती, फोनवर उतरवून घेतलेली. तिच्यात पखवाज, टाळ आणि मधूनच कोणाचा तरी खोकला. हा खोकला स्पष्ट आला पाहिजे, अशी एक अट होती. निवाड्याची त्यांची भाषा स्वतंत्र. एका इअरफोनचा आवाज "पानी घातलेलं ताक." दुसऱ्याचा "पत्रा." ज्याच्यात नुसताच घुमारा, तो "मुटका. निस्तं पीठ, चव न्हाई." तीनदा तरी मला भिंतीपलीकडे बोलावून त्यांनी माझा कान उसना घेतला. एकदा एक निळसर इअरफोन मी ऐकला आणि मनापासून म्हणाले, "काका, हा आवाज मखमलीसारखा आहे."

"मखमल कानात घातली तर दडा बसंल," काका म्हणाले. "खोकला आला का?"

खोकला आला नव्हता.

त्यांच्या तपासणीत एक गोष्ट मात्र कायम वर चढत गेली: बोंडावरची रबरी टोपी. जितकी ती घट्ट, जितकं बाहेरचं जग बंद, तितका माल उत्तम. बाहेरचा काहीही आवाज येऊ द्यायचा नाही, हीच त्यांच्या मते गुणवत्ता. असं एकेक घट्ट बोंड ते काकूंच्या कानात आपल्या हाताने बसवत, उशी सारखी करत आणि उत्सुकतेने विचारत, "कसं वाटतंय?"

"बरं हाय," काकू म्हणत.

डोळ्यांखालची काळी वर्तुळं मात्र काही वेगळंच सांगत होती.

गणपती उठून गेले होते. खाचरांतला इंद्रायणी भात फुलोऱ्यावर आला होता आणि वारा वळला की त्याचा दुधाळ, कोवळा वास आमच्या गल्लीपर्यंत यायचा. अशा एका दुपारी काकूंकडे बसले असताना मी त्यांना सरळच विचारलं, की फरक पडतो आहे का.

त्यांनी उशी उचलली. खाली नवंकोरं बोंड, वायर नीट गुंडाळून ठेवलेलं.

"धनी बाहीर गेलं की काडून ठेवते," काकू म्हणाल्या. "पोत्याचं तोंड बांदलं की आतला उंदीर जास्त वाजतो, ताई. तसं हुतं. कान बुजला की रातकिडं डोक्यात बसत्यात. पन सांगू कसं? किती शेंगदानं खाल्ल्यात त्यांनी."

काका दारात उभे होते. हातात वडगावच्या बाजारातली पिशवी. त्यांनी ती खाली ठेवली, टोपी काढली आणि खुंटीला अडकवायची विसरून हातातच धरून ठेवली.

"म्हंजी मी रातकिडं पाळत हुतो," ते म्हणाले.

"तसं न्हाई ओ."

"तसंच हाय. माल बराबर हुता. तपासनारा रिजेक्ट."

काकू उठल्या, त्यांच्या हातातली टोपी घेतली आणि खुंटीला लावली.

त्यानंतर काकांनी आपली कसोटीच उलटी केली. आता बाहेरचं थोडं आत आलं पाहिजे. घट्ट नको, सैल हवं. फुगीर नको, चपटं हवं. तसा इअरफोन वडगावच्या बाजारात एका हातगाडीवर मिळाला: जुन्या धाटणीचा, रबराविना, बोटाच्या पेरासारखा सपाट. शेंगदाण्यांच्या परीक्षेत तो दोनदा कानातून पडला आणि आवाज तर निव्वळ पत्रा. तरी काकांनी तो घेतला, आणि इअरफोनऐवजी उशीचं रिवर्क केलं. एका बाजूची शिवण उसवून मूठभर कापूस काढला आणि कान नेमका टेकतो तिथे खळगा पाडला.

"चांगल्या उशीचं वाटूळं," काकू म्हणाल्या, पण डोकं टेकवून पाहिलं.

आता वाजवायचं काय, हा प्रश्न उरला. भजनाने काकूंना झोप येत नाही; शब्द पाठ असल्याने त्या मनातल्या मनात म्हणू लागतात. त्यांचं माहेर लोहगडवाडीचं. किल्ल्याच्या पायथ्याशी घर, घरामागे ओढा. खांदा धरल्यापासून आणि चक्कर येऊ लागल्यापासून त्या तिकडे गेलेल्या नव्हत्या. काकांनी ठरवलं, तो ओढाच आणायचा. मधल्या वारी, गर्दी नसताना, ते स्कूटरवरून गेले आणि संध्याकाळी तांबड्या चिखलाने माखलेल्या धोतरासह, अत्यंत नाराज होऊन परतले.

"बिगडला माल," ते मला भिंतीवरून म्हणाले. "ओढा कमी, संसार जास्त."

आम्ही तिघांनी ते ध्वनिमुद्रण ऐकलं. पाणी होतं, दगडावरून घसरणारं, मधेच खळगीत थांबून गुटगुट करणारं. पण त्यावर काकूंच्या वहिनी कोंबड्यांना हाकलत होत्या. हंडा आपटत होता. गडाकडे निघालेला कोणी शहरी माणूस विचारत होता, पिठलं-भाकरी मिळेल का, आणि वहिनी त्याला बसायला सांगून आत कोणाला तरी ओरडत होत्या, चुलीत जाळ घाल म्हणून. मग अगदी जवळून काकांचा आवाज: "वैनी, वाईच गप ऱ्हा की, पानी घेतोय." त्यावर वहिनी: "घ्या की मग. हंडा देऊ का?"

"पुन्यांदा जातो," काका म्हणाले. "वैनीला बाजाराला धाडून घेतो निस्तं पानी."

काकूंनी चपटं बोंड स्वतःच्या कानाशी धरलं होतं. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"पानी कुनाला पायजे?" त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या असंच."

"आवाज पत्रा येतोय तिचा."

"वैनीचा आवाज हायेच पत्र्यावानी."

पुढच्या आठवड्यात अळूचं फदफदं द्यायला दुपारी मी त्यांच्याकडे गेले. दार लोटलेलं होतं. आतल्या अर्धवट उजेडात काकू उजव्या कुशीवर, खळग्याच्या उशीवर कान टेकून झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, कपाळावरची आठी सुटलेली. कॉटलगत, जमिनीवर, पाटावर काका बसले होते. एरवी जो माणूस एका जागी चहासुद्धा पीत नाही, तो मान तिरकी करून, गुडघे छातीशी घेऊन निश्चल बसला होता. वायरीच्या दोन फांद्यांपैकी एक उशीत शिरली होती. दुसरी त्यांच्या डाव्या कानात, बोटाने दाबून धरलेली.

मी खुणेने विचारलं, हे काय.

"मोकळं सोडलं की गादीवर घासतं," ते ओठांतच म्हणाले. "मग जाग येती तिला."

"चहा टाकू?"

"नगं. उठलो तर वायर वढली जाईल."

त्यांच्या तळहातावरच्या फोनकडे माझं लक्ष गेलं. मुद्रण संपलेलं होतं.

"काका, बंद पडलंय ते."

"व्हय. मगाशीच."

त्यांनी बोट कानावर थोडं आणखी दाबलं. काकूंच्या खांद्यावरून आलेली ती बारीक काळी वायर अगदी मंद लयीत वर होत होती, खाली येत होती.

"श्वास येतोय तिचा ह्याच्यातनं," काका म्हणाले. "गप ऱ्हा वाईच."

मी वाटी झाकून ठेवली आणि आवाज होणार नाही अशा बेताने दार ओढून घेतलं.