मोठीचं तोंड मिटत नाही

मोठीआईंना तपासाच्या कामावर कुणी नेमलं नव्हतं. मांजराला तरी उंदरांवर कोण नेमतं, असं त्या विचारत. शाळा चौथीपर्यंत झाली होती; पाचवीत बसल्या असत्या तर मास्तरांना घरी बसावं लागलं असतं. नजर मात्र अशी, की डब्याच्या झाकणाचा कल बघून साखर कुणी खाल्ली ते त्या सांगत. नाव चुकलंच, तर 'आज नाही, उद्या खाल्ली असती' म्हणून निकाल कायम ठेवत.

तीन जावांत त्या थोरल्या. म्हणून तोंडावर सगळे मोठीआई म्हणत आणि पाठीमागे नुसतं मोठी. पाठीमागचं त्यांना ठाऊक होतं. पाठीमागचं ठाऊक असणं, हाच तर त्यांचा धंदा.

तर झालं असं, की सुनेनं बेटाचा बेत काढला. आठ दिवस, नारळाची झाडं, चहूकडे समुद्र. तसलं एक चित्रही फ्रिजच्या दारावर आलं. लेक विचारायला आला, "मोठीआई, येतेस ना?"

"समुद्र म्हणजे काय, मीठ घातलेलं पाणी. ते मी रोज उकळते. तुम्हीच जा."

"बरं," म्हणून लेक गेला.

एवढ्यावर गेला! पहिलं 'नाही' म्हणजे नुसता घसा साफ करणं असतं, हे त्याला जन्म देणाऱ्या बाईकडून शिकवायचं राहून गेलं होतं. ती बाई म्हणजे आपणच, हे आठवून मोठीआईंनी तो मुद्दा सोडून दिला.

अडुसष्ट वर्षांत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. कपाटात गोधड्यांखाली रबरी चपलांचा नवा जोड लपवलेला होता. न्हाणीघराची कडी लावून, बादलीत पाय बुडवून, लाट आली की साडी किती उचलायची याचा सरावही झाला होता. पण आता 'मला न्या' म्हणायचं म्हणजे स्वतःचं नाक स्वतः कापून वर ताटलीत घालून देणं. विचारायची सोय नसली की माणसानं तपास करावा.

सोमवारी दुपारी त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला पेला लावून उभ्या राहिल्या. पलीकडे सून फोनवर नवऱ्याशी बोलत होती.

"नाही रे, मोठी न्यायची नाही म्हणजे नाही. तिचं तोंडच मिटत नाही! ...पोट बघ कसं सुटलंय. जरा हलवली की कुरकुरते. ...छे, कुणाला द्यायचीसुद्धा लाज वाटते. माळ्यावर टाकू."

पेला हातातून पडला नाही, कारण तो स्टीलचा होता, पलीकडे ऐकू गेला असता, आणि सुनेला तेवढंही समाधान द्यायचं नव्हतं.

मोठीआईंचे यजमान घड्याळजी. दुकान विकलं तरी खिडकीपाशी टेबल मांडून दिवसभर कुणाची ना कुणाची घड्याळं उघडून बसत. त्यांच्या डोळ्याला भिंग होतं.

"अहो, ऐकलंत का? मला माळ्यावर टाकणारेत."

"तुला? माळा पेलेल का?"

"थट्टा नको. ते भिंग द्या इकडे."

"त्यातून चाकं दिसतात. माणसं नाही दिसत."

"मला दिसतात," म्हणून मोठीआईंनी भिंग काढून घेतलं. घड्याळजींनी दुसरं लावलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ते प्रत्येक वस्तू दोन-दोन घ्यायला शिकले होते.

पहिला पुरावा सुनेच्या खोलीत सापडला. पलंगावर नवी टोपी, रुंद काठाची. मोठीआई नुकत्याच न्हाल्या होत्या, केस मोकळे होते. त्यांनी टोपी घालून पाहिली तर ती नाकावर आली. एवढं डोकं या घरात कुणाचं नाही. म्हणजे विहीणबाईंचं! आपल्या जागी विहीणबाई! त्यांनी लगेच फोन लावला.

"काय विहीणबाई, झाली का तयारी?"

"कसली हो? माझा पाय तीन आठवडे प्लॅस्टरमध्ये आहे. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

मोठीआईंनी फोन ठेवला. "पायाचं सोंग घेतलंय."

"मी प्लॅस्टर बघून आलोय," घड्याळजी म्हणाले.

"म्हणजे सोंग पक्कं आहे."

मंगळवारी दुसरी शंका आली. पोट सुटलंय, कुरकुरते... ही तर दुखण्याची लक्षणं! डॉक्टरांनी लेकाला गुपचूप काहीतरी सांगितलं असणार. मोठीआई तासभर डोळे मिटून पडून राहिल्या. कुणी काळजीनं पाहायला आलं नाही, तेव्हा उठून दूध तापवलं आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेल्या.

"डॉक्टर, माझ्यापासून काय लपवताय?"

"लपवतोय? गोड कमी करा म्हणून चार वर्षं ओरडतोय मी!"

"कसा विषय टाळला पाहा," त्या घरी येऊन म्हणाल्या.

बुधवारी स्टुलावर चढून त्यांनी माळा तपासला. माळा झाडलेला! मधोमध जागा मोकळी! त्यांनी ती वितींनी मोजली, मग स्वतःला मोजलं, आणि खाली उतरून भिंतीला टेकल्या.

"अहो, पाय दुमडून ठेवणारेत मला."

गुरुवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात एक माणूस; खांद्याला पेटी, हातात पक्कड.

"मोठी कुठंय?"

"काय काम आहे?" मोठीआईंनी पोळपाटावरचं लाटणं सोबत आणलं होतं.

"ताईंनी बोलावलंय. तोंड बसवायचंय तिचं. आधी दात बघतो. झिजले असतील तर सगळे उपटून नवे बसवू, अर्ध्या तासाचं काम."

लग्नानंतर पहिल्यांदा मोठीआईंनी तोंड घट्ट मिटलं.

"ताई म्हणत होत्या माळ्यावर टाकते," माणूस सांगतच होता, "पण साहेब म्हणाले, बघा जमलं तर. सामान वाढलंय, आता मोठीशिवाय भागायचं नाही."

घड्याळजी उठले. आत गेले आणि एक निळी, फुगलेली, जुनी बॅग ओढत आले. चाक कुरकुरत होतं. चेन तुटून तोंड आ वासलेलं होतं.

"ही मोठी," ते म्हणाले. "धाकटी लाल. तुझी केस सुटली गं. सुटकेस निघाली."

मोठीआईंनी लाटणं पाठीमागे धरलं. "मला पहिल्यापासून माहीत होतं."

"असणारच."

"पण सामान कुणाचं वाढलं?"

"तुझं. तुझं तिकीट सगळ्यांत आधी काढलंय, खिडकीजवळचं. टोपीही तुझीच. अंबाड्यासकट बसावी म्हणून सुनेनं दुकानात स्वतः अंबाडा घालून मापली."

"पण मी तर नाही म्हटलं होतं."

"म्हटलंस ना. म्हणून तर मी लेकाला सांगितलं, लगेच काढ. उलटं चालणारं घड्याळसुद्धा रोज पाहिलं की वेळ कळते."

ते जाऊन पुन्हा टेबलाशी बसले. मोठीआईंनी लाटणं पोळपाटावर नेऊन ठेवलं. मग म्हणाल्या, "एवढा आग्रहच करताय सगळे, तर येते." आग्रह कुणी केला नव्हता. पण निकाल कायम झाला होता.

"बसव रे तिचं तोंड," त्यांनी माणसाला फर्मावलं. "मजबूत बसव. लांब जायचंय."

"दोघींचं होईल का?" घड्याळजींनी मान वर न करता विचारलं.

माणसानं एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा मोठीआईंकडे. "नाही साहेब. दुसरीचे सुटे भाग आता मिळत नाहीत."

मोठीआईंना ते ऐकू गेलं नाही, म्हणजे त्यांनी जाऊ दिलं नाही. त्या आत गेल्या आणि गोधड्यांखालचा रबरी चपलांचा जोड आणून मोठीच्या तळाशी ठेवला.

"ह्या कधी घेतल्यास?" घड्याळजींनी भिंगातून बघत विचारलं.

"तपास चालू आहे," मोठीआई म्हणाल्या.