पडद्याआडचे बिवलकर

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले बिवलकर काका पाच पाहुण्यांसाठी पाच वेळा चहा टाकायचे. पातेलंभर चहा करून कपांत ओतणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. पाहुण्याला बाहेर बसवून ते एवढंच विचारत, "कसा हवा?" आणि स्वयंपाकघराच्या पडद्याआड जात. भांडी वाजत, आणि त्या माणसाच्या मापाचा एक कप बाहेर येई. पाचव्याचा येईपर्यंत पहिला पाहुणा घरी गेलेला असे. पडद्याआड मात्र कुणालाच प्रवेश नव्हता. मीरा रोडला राहायला येऊन सात वर्षं झाली तरी मी त्यांचा ओटा पाहिला नव्हता.

मग आमच्या बिल्डिंगखालच्या गाळ्यात कॉम्प्युटर क्लास निघाला. नोकरीतून लवकर मोकळे झालेले काका बावन्नाव्या वर्षी कॉलेजच्या पोरांत जाऊन बसले. मी शाळेत शिकवते, आणि शाळेने कॉम्प्युटर आमच्याही माथी मारला होता, म्हणून शेजारच्या खुर्चीवर मी. एक दिवस सरांनी सांगितलं, वेबपेजचे दोन प्रकार. एक आधीच लिहून ठेवलेलं, सगळ्यांना सारखंच. दुसरं, मागणी आली की सर्व्हर त्या क्षणी तयार करतो, मागणाऱ्याप्रमाणे वेगळं. आतला कोड आतच राहतो, बाहेर फक्त तयार पान जातं.

काका उभेच राहिले. "म्हणजे पडदा," ते म्हणाले. सरांना काही कळलं नाही. मला कळलं.

महिनाभरात काकांनी सोसायटीचं पान बनवलं. आपलं नाव टाकायचं, की आपल्यापुरतंच पान समोर. मेहताभाईंना त्यांच्या विंगचा टँकर कधी येणार ते दिसे, मला माझ्या गळक्या पाइपाच्या तक्रारीचं काय झालं ते. मराठी सगळं इंग्रजी अक्षरांत, पण वाचता येई. एकच भानगड होती. सकाळी सात वाजता पान म्हणे, शुभ रात्री.

मेहताभाई आमचे सेक्रेटरी. ते म्हणाले, "काका, सुबह सुबह ये रात्री रात्री क्या लगाया है? ठीक करो, नहीं तो कमिटी ये पेज बंद कर देगी."

कारण साधं होतं. फुकटात मिळालेला सर्व्हर अमेरिकेत, आणि पान वेळ विचारणार ती सर्व्हरच्या घड्याळाला. त्यात तास मिळवायला एक ओळ पुरे; माझ्यासारख्या ढ विद्यार्थिनीलाही ती आली असती. पण पाव चमचा साखर चुकली तर चहा ओतून देणारा हा माणूस म्हणाला, "राहू दे." मला चैन पडेना. पान बंद होईल म्हणून काका रात्र रात्र जागत असावेत असं डोळ्यांवरून दिसत होतं, तरी ती ओळ ते घालत नव्हते.

तेवढ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रविवारी कमिटीची मीटिंग, आणि काकांच्या डोळ्यावर पट्टी. शनिवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं, आणि स्वतःच्या हातांनी पडदा बाजूला केला.

कॉम्प्युटर ओट्यावर होता, शेगडीच्या शेजारी. माउस पोळपाटावर.

"बाई, घाला ते तास," काका म्हणाले. "पण मधल्या सात ओळींना हात लावू नका."

असं सांगितल्यावर कोण वाचणार नाही? त्यांत लिहिलं होतं, नाव 'बंड्या' असेल आणि सर्व्हरच्या घड्याळात रात्र असेल, तर छापायचं: बंड्या, जेवलास का?

बंड्या हा काकांचा धाकटा भाऊ, अमेरिकेत असलेला. आईच्या शेवटच्या दिवसांत तो पोचू शकला नाही, तेव्हा काका फोनवर म्हणाले होते, आता येऊच नकोस. भाऊ आज्ञाधारक निघाला. सहा वर्षं दोघांत अक्षर नाही.

"त्याला हे पान ठाऊक आहे?" मी विचारलं.

"नाही."

"मग ती ओळ कशाला?"

"मागणी आली तर आत तयार असायला हवं ना."

मला त्यांचा राग आला, आणि वाईटही वाटलं. तास सरसकट मिळवले, तर बंड्याच्या रात्री पान सकाळ धरणार; म्हणून काका अडले होते. मी बाकी सगळ्यांची वेळ दुरुस्त केली. बंड्यासाठी मात्र सर्व्हरचंच घड्याळ ठेवलं. तोवर काकांनी चाचपडत रव्याचा डबा उघडून एक पाकीट काढलं. तिकिटं लावलेलं, बंड्याच्या पत्त्याचं, पान सुरू झालं त्याच आठवड्यातलं. आत पानाचा पत्ता आणि खाली चार शब्द: घरचं नाव टाकून बघ.

"तुम्ही टाका पेटीत," ते म्हणाले. "मी पेटीपर्यंत जातो आणि भाजी घेऊन परत येतो."

मी टाकलं. मेहताभाईंना सकाळी शुभ सकाळ मिळाली, आणि पान बंद होण्यापासून वाचलं.

तीन आठवडे काका चहाचं माप चुकवत होते. मग एका सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं, तर ते जिन्यात उभे. कोण कधी आलं याची नोंद सर्व्हरवर राही, ती ते रोज बघत.

"बाई, ती ओळ चालली," ते म्हणाले. "तिकडे रात्रीचे दहा वाजले होते."

"काही लिहिलं त्यानं?"

"लिहायची सोय कुठे ठेवली होती मी? नुसता आला. परत नाव टाकलं. मग परत. तीनदा विचारून घेतलं त्यानं."

काकांनी दाराला टांगलेली दुधाची पिशवी काढून माझ्या हातात दिली.

"जेवला नसणार," ते म्हणाले, आणि फोन करायला आत गेले.