हनीफचाचांचा वांदा

कापसाच्या वावराजवळून जाताना हनीफचाचा श्वास घेत नसत. गाल फुगवून, डोळे वटारून ते वावर संपेपर्यंत तरातरा चालत. "चाचा, कुठं?" विचारलं तर हातानंच 'थांब' म्हणत. डोणगावाभोवती तेव्हा बीटी कपाशीशिवाय काही उरलंच नव्हतं, त्यामुळे गावाबाहेर चाचांचा चेहरा कायम जांभळा. आणि गडी पिंजारी! जन्मभर कापूस पिंजून गाद्या भरणारा.

पालीचं भेव, विजेचं भेव, आमच्या कोंबड्याचंही भेव. "मास्तर, भेलेला माणूस जास्त जगते," असं मला सांगत. मी शेजारी, हसून सोडून देई.

पण कपाशीवरच्या हवेचं भेव उगाच नव्हतं. त्यांच्या बायको, जैतूनचाची, एकदा कापूस वेचायला गेल्या होत्या. शेजारच्या वावरात कीटकनाशकाची फवारणी चालू, वारा यांच्याकडे. तोंडाला फेस येऊन पडल्या. वाचल्या, पण तेव्हापासून त्या घराबाहेर निघाल्याच नाहीत.

चाची जंगलाकाठच्या गावच्या. तिकडे फांद्यांवर वांदा, म्हणजे एक ऑर्किड, फुलतो. मातीत मूळ न टेकता हवेवर जगतो. तपकिरी फुलं, मंद वास. आमच्याकडे धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, आंब्यांवरही होता. चाचा वांदा फुललेलं एखादं झाड पाहून येत आणि चाचींना खबर देत. मग सावलीनं कपाशी दबते म्हणून लोकांनी आंबेच तोडले.

"मास्तर, वांद्याचाच वांदा झाला," चाचा म्हणाले. "आता तिले काय सांगू?"

म्हणून श्रावणात एका रविवारी ते माझ्या गाडीवर मागे बसले आणि आम्ही बोथ्याच्या जंगलात गेलो.

आत शिरताच त्यांनी मागून माझा शर्ट घट्ट धरला. डोळे मात्र फांद्यांवर. मोहाच्या खोडावर वांदा सापडला. पुढे ओल्या गवतात पांढऱ्या फुलांची आमरी, वांद्याच्याच जातकुळीतली, पण चक्क जमिनीतून उगवलेली.

"म्हंजे सारे झाडावर नाही राह्यत?" चाचा हरखले. "खाली बी राह्यतात! हे तिनं सांगितलंच नाही मले."

मग ते एकदम कुजबुजले, "मास्तर, तो काळा कापूस कोनं टाकला तिथं?"

कापूस हलला. अस्वल होतं, वारूळ उकरत होतं. मान वर करून त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि मागच्या पायांवर उभं राहिलं. चाचांचं थरथरणं शर्टातून माझ्या पाठीत उतरत होतं. पळायलाही पाय लागतात. ते आमच्याजवळ नव्हतेच. अस्वलानं हवेत नाक फिरवलं, फुत्कारलं आणि झुडपात शिरलं. काटक्या मोडत गेल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.

परतीच्या वाटेवरही चाचांनी माझा शर्ट सोडला नाही.

घरी चाची दाराआड उभ्या होत्या. "दिसला का?"

"दिसला! अन् जमिनीवरचा बी दिसला. पांढऱ्या फुलाचा, गवतात!"

"तुमाले भेव नाही वाटलं जंगलात?"

मी तोंड उघडलं. चाचांनी माझा हात दाबला. त्यांचा तळवा अजून गार होता.

"कायचं भेव?" ते म्हणाले. "तिथं भेवासारखं काहीच नाही. हवा तर इतकी साजरी! तू चाल एकदा. मी हाय ना."

चाचींनी दाराआडून जरा बाहेर पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "त्या पांढऱ्या फुलाले वास होता?"

"मी घेतलाच नाही," चाचा म्हणाले. "तो तू घेजो."