दोन इंच की तीन

कदमकाका आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा चहाच्या आधी त्यांनी आमची पायरी मोजली. खिशातून टेप काढला, वाकले आणि म्हणाले, "नऊ इंच. सुनीता, तुझी काकू काही ही पायरी चढायची नाही." पायरी माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेली, आजवर कुणाची तक्रार नव्हती. मला रागच आला. पण काकू खरंच चढल्या नाहीत. त्यांचे गुडघे तेव्हाच गेले होते. अंगणात खुर्ची टाकून त्यांना चहा द्यावा लागला.

ग्वाल्हेरच्या मुरार भागात आमच्या भिंतीला लागून त्यांची भिंत. काका ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेले. मूलबाळ नाही. जीप आहे. जुनी, हिरवी, लिलावात घेतलेली. कुठल्याही कामाची आठवण केली की काकांचं ठरलेलं उत्तर, "घाई कशाला? किला कुठे पळून चाललाय?" नळ गळत राहायचा, वीजबिलाची तारीख निघून जायची. ग्वाल्हेरचा किल्ला मात्र जागच्या जागी.

गेलं वर्षभर काका एकाच गोष्टीवर अडले होते. जीप उंच करून घ्यायची, ती दोन इंच की तीन?

कारण होतं दसरा. कदमांचे पूर्वज दक्खनेतून फौजेबरोबर इकडे आले. तेव्हापासून त्यांचं सीमोल्लंघन म्हणजे गावाबाहेरचा एक नाला ओलांडायचा, पलीकडच्या शमीची पूजा करायची आणि तिथेच बायकोनं नवऱ्याला ओवाळायचं. आधी घोड्यावरून, मग बैलगाडीतून, आता जीपमधून. काकू शेजारी औक्षणाचं ताट मांडीवर घेऊन बसायच्या. मी एकदा म्हटलं, गुडघे दुखतात तर त्यांना घरी राहू द्या. काका म्हणाले, "बायकोशिवाय गेलं तर ती पिकनिक झाली."

गेल्या दसऱ्याला घोळ झाला. नाल्यातला मुरूम कुणीतरी खणून नेला होता. जीपचं पोट दगडावर टेकलं आणि चाकं नुसती गरगर फिरत राहिली. काकू दोन तास ताट धरून नाल्याच्या मधोमध बसून. शेवटी ट्रॅक्टर आला, त्यानं ओढून काढलं, तेही मागच्या मागे, अलीकडच्या काठाला. शमी राहिली, औक्षण राहिलं. ताट जसंच्या तसं घरी आलं.

पडाव भागात रफीक मिस्त्री आहे. त्यानं जीपखाली शिरून पाहिलं आणि सांगितलं, "बाबूजी, दो इंच में निकल तो जाएगी, पर पेट घिसेगा. तीन में आराम से." दोन इंचाला नुसते स्प्रिंगचे पाटे बदलायचे, तीनला शॉकअप, ब्रेकचे पाइप, सगळंच लांबवायचं. त्या खर्चाचं काकांना काही नव्हतं. पण तीन इंच उचलली तर काकू आत चढणार कशा? आणि दोनच उचलली तर काकू पुन्हा नाल्यात.

"मग अडीच करा," मी म्हटलं.

"हो, आणि वर फुकट कोथिंबीर मागतो," काका म्हणाले.

स्टूल न्या म्हटलं, तर ओवाळायला पलीकडे उतरायचं, तिथल्या उतारावर ते डगमगेल. मग घरात प्रयोग सुरू झाले. पलंगाखाली विटा सारायच्या, काकूंना चढवायचं, टेप लावायचा. एक दिवस काकांना साक्षात्कार झाला की सगळा दोष सहावारीचा. "आपल्या बायका नऊवारी नेसून घोड्यावर बसायच्या!" झालं, काकूंना नऊवारी नेसवली. काकू खरोखर चार इंच जास्त चढल्या. "साडीनं नाही हो," त्या मला हळूच म्हणाल्या, "आज एकदा चढून दाखवलं की उद्या सुटका, म्हणून चढले." काका तडक पडावला निघाले. अर्ध्या रस्त्यात त्यांच्या लक्षात आलं, की नऊवारी नेसायला बाईला अर्धा तास उभं राहावं लागतं आणि काकूंना दहा मिनिटं उभं राहवत नाही. तसेच परत आले.

होळीनंतर काकूंचं जेवण तुटलं. पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावून सांगितलं, आता घरीच ठेवा, खावंसं वाटेल ते द्या. काकांनी विचारलं, "दशहरे तक?" डॉक्टर म्हणाले, देखते हैं.

मला वाटलं, आता तरी जीपचं खूळ जाईल. कुठलं! पावसाळा संपता संपता मी खिचडी घेऊन गेले, तर हे पोर्चमध्ये जीपची सीट मोजत बसलेले. माझा तोल गेला. "काका, काकू तिकडे अंथरुणाला खिळल्यात आणि तुम्ही इंच मोजताय? काही वाटतं का?"

काका चिडले नाहीत. टेप गुंडाळत म्हणाले, "तिलाच जायचंय गं. गेल्या वर्षी औक्षण राहिलं, म्हणून मला काहीतरी होईल अशी धास्ती घेतलीय तिनं. मला! रोज विचारते, गाडी झाली का."

मी खिचडी आत ठेवली आणि घरी येऊन खूप रडले.

नवरात्र बसलं. तिसऱ्या दिवशी मी काकूंची चादर बदलायला गेले होते. काकांनी त्यांना उचलून खुर्चीत ठेवलं, चादर झाल्यावर पुन्हा उचलून पलंगावर. मग बाहेर येऊन मला म्हणाले, "रफीकला फोन लाव. म्हणावं, तीन इंच."

"आणि काकू चढणार कशा?"

"चढायचं कशाला? मी उचलून बसवीन. पाच इंच केली तरी बसवीन. काही वजनच राहिलं नाही गं तिचं."

एवढं बोलून ते नळ सोडून तोंड धूत राहिले. रफीकशी मीच बोलले.

दसऱ्याला मी मागच्या सीटवर होते. काकांनी काकूंना पुढे बसवलं, ओढणीनं सीटला बांधलं. नाला आला. जीप डुलली, वर चढली, कुठेही टेकली नाही. पलीकडे काकांनी शमीची पूजा केली आणि काकूंसमोर येऊन उभे राहिले. ताट मी धरलं, काकूंनी नुसता हात लावला. औक्षण झालं. मग काकांनी शमीची पानं त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "सोनं घे."

पुढचं त्यांच्या तोंडून निघेना.

काकू वाट बघत होत्या. "म्हणा की पूर्ण," त्या म्हणाल्या. "दर वर्षी म्हणता."

"सोन्यासारखी राहा," काका म्हणाले.

"राहते," काकू म्हणाल्या, आणि पानं पदराला बांधायला माझ्याकडे दिली.